मूल मांजराचं शेपूट ओढतं तेव्हा: खोडी, अजाणतेपण आणि क्रूरता

शाळकरी पोरांनी कुत्र्याच्या पिल्लाला छळल्याचा व्हिडिओ अधूनमधून फिरू लागतो आणि त्याखाली दोन तऱ्हेची माणसं भांडू लागतात. एक म्हणतात, पोरं आहेत, लहानपणी सगळेच असं करतात. दुसरे म्हणतात, हाच उद्याचा खुनी. घरातला प्रश्न मात्र वेगळाच असतो. दोन वर्षांची मुलगी मांजराला मानेला धरून उचलते, पाच वर्षांचा मुलगा मुंग्यांच्या रांगेवर मुद्दाम पाय देतो, नऊ वर्षांचा मित्रांच्या घोळक्यात बेडकावर दगड टाकतो. हे हसण्यावारी न्यावं, फटका द्यावा की डॉक्टरांकडे जावं, हे आईवडिलांना कळत नाही.

तिन्ही प्रसंग वरवर सारखे दिसले तरी त्यांची मुळं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. एक गोष्ट मात्र तिन्हींना लागू पडते. दया उपदेशाने फारशी येत नाही, ती पाहण्यातून येते. समोरच्या जिवाचे कान, डोळे, श्वास, अंगाचा ताठरपणा वाचता येऊ लागला की बहुतेक मुलांचा हात आपसूक सैल पडतो. हे वाचणं शिकवता येतं आणि त्याचा सरावही करून घेता येतो. या लेखाचा मोठा भाग त्याविषयीच आहे.

## मुळात त्यांना दुखतं का?

शरीराला इजा होऊ लागली की ती टिपणाऱ्या खास चेतापेशी असतात. त्यांना वेदनाग्राही म्हणतात. पण इजा टिपणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर झाल्यावर वाजणारी घंटा धूर ओळखते, तिला धग लागत नाही. धग लागते घरातल्या माणसाला. एखाद्या प्राण्याच्या शरीरात नुसती घंटा आहे की आत कुणी राहतंही आहे, हे शास्त्रज्ञांना शोधायचं असतं.

ते शोधण्याच्या काही ठरलेल्या कसोट्या आहेत. इजेनंतर प्राण्याचं वागणं बराच वेळ बदललेलं राहतं का? ती टाळण्यासाठी तो आवडती गोष्ट सोडायला तयार होतो का? वेदनाशामक दिल्यावर पूर्ववत होतो का? सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्याबद्दल आता गंभीर वाद उरलेला नाही. केंब्रिजमध्ये जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी ७ जुलै २०१२ रोजी जाहीर केलं की जाणीव निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा एकट्या माणसाकडे नाही; सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे जीव यांच्याकडेही ती आहे.

माशाला दुखत नाही, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे डोलू लागले, ज्यांना आम्ल टोचलं होतं ते ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, आणि खाण्याकडे ते कितीतरी उशिरा वळले. मॉर्फीन हे वेदनाशामक दिल्यावर हे वागणं बरंच कमी झालं. २००९ मध्ये रॉबर्ट एलवुड यांच्या प्रयोगात शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांना सौम्य विजेचे झटके दिले गेले. आवडता शंख असलेले खेकडे सहजासहजी बाहेर पडेनात, नावडत्या शंखातले लवकर पडले. दुखणं आणि घर यांची तुलना करून ते ठरवत होते. अशाच पुराव्यांच्या आधारे ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपस यांना जाणीव असलेले जीव म्हणून मान्यता दिली.

कीटकांबद्दल अजून एकमत नाही. २०२२ मध्येच लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेत भुंग्यासारख्या जाड मधमाश्या कोणतंही बक्षीस नसताना लाकडी गोट्या पुनःपुन्हा, जणू खेळ म्हणून, लोळवताना आढळल्या, म्हणजे तिथेही काहीतरी आहे. तरी मुलाला ‘मुंगीला अगदी तुझ्यासारखंच दुखतं’ असं सांगू नये. जे डोळ्यांना दिसतं ते सांगावं: मुंगीला कुठेतरी जायचंय, तू बोट ठेवलंस की ती वळसा घालून जाते, चिरडलीस तर तिला परत जोडता येणार नाही. हे खरं आहे आणि मुलाला पडताळूनही पाहता येतं.

## तीन वर्षांचं मूल आणि नऊ वर्षांचं मूल

दीड-दोन वर्षांची मुलं रडणाऱ्या माणसाजवळ जातात, त्याला थोपटतात, आपलं खेळणं नेऊन देतात. कळवळ्याचं बीज तेव्हापासून असतं. पण त्या वयात बोटांवर ताबा नसतो. मूल पकडतं ते पूर्ण मुठीने, आणि मूठ सोडणं त्याला पकडण्यापेक्षा अवघड जातं. मांजराचे केस त्याच्या मुठीत येतात, मांजर ओढ घेतं, मूठ आणखी आवळते. यात क्रूरता शोधू नये. मात्र दोघांना एकटं सोडणं ही मोठ्यांची चूक आहे.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मरण हे कायमचं असतं हे नीट उमगलेलं नसतं. चिरडलेल्या मुंगीकडे ते थोडा वेळ बघत राहतं, ती उठून चालेल म्हणून. समोरच्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही चाललेलं असू शकतं, हेही साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं. ‘मला मजा येतेय म्हणजे माऊलाही येत असणार’ हा या वयाचा प्रामाणिक समज असतो. मरण परत फिरत नाही आणि ते प्रत्येकाला येतं, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजतं. मुलामुलात फरक असतो, वर्षभर इकडेतिकडे होणारच.

म्हणून तेच कृत्य तीन वर्षांच्या मुलाने केलं तर तो प्रश्न असतो आणि नऊ वर्षांच्याने केलं तर निवड. नऊ वर्षांच्या मुलाला दुखणं कळतं, मरण कळतं, आपण करतोय ते कुणी पाहिलं तर ओरडा बसेल हेही कळतं. त्याच्याबाबतीत ‘लहान आहे, कळत नाही’ हे उत्तर चालत नाही. त्याने का केलं, हे शोधावं लागतं.

## कळत असूनही का करतात?

सगळ्यात साधं कारण कुतूहल. चतुराचा पंख उपटला तर तो कसा उडतो, गोगलगायीवर मीठ टाकलं तर काय होतं, भिंगातून ऊन पाडलं की मुंगी कशी वळते. या मुलाला हातातून काहीतरी शोधायचं असतं. त्याचं भिंग काढून घेतलंत तर कुतूहल चोरून चालू राहतं. तेच भिंग घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि मुंगी तोंडात दाणा धरून तो कसा नेते ते दाखवा. तोडण्यापेक्षा हे जास्त रंजक असतं, आणि ते मुलाला लगेच कळतं.

दुसरं कारण अनुकरण. इथे मोठ्यांनी स्वतःचं बोलणं ऐकायला हवं. मूल धावताना मांजराला अडखळून पडतं आणि त्याला उगी करायला आपण म्हणतो, ‘हात रे! मारू आपण माऊला!’ वर हवेत फटका मारून दाखवतो. मूल रडायचं थांबतं, आणि दुखलं की जवळच्या दुबळ्याला मारायचं हा धडा त्याला मिळतो. पाल दिसली की किंचाळणं, गायीला हाकलताना विनाकारण ढेकूळ मारणं, पिंजऱ्याच्या काचेवर टकटक करणं, हे सगळं मुलं जसंच्या तसं उचलतात.

तिसरं कारण घोळका. एकटा असता तर ज्याने बेडकाला हातही लावला नसता, तो चौघांत पहिला दगड उचलतो, कारण मागे हटलं तर भित्रा ठरायचं. अशा वेळी सगळ्यांना एकत्र रागावून उपयोग नसतो. एकेकाला वेगळं घेऊन विचारावं. बहुतेक वेळा निम्म्याजणांना ते आवडलेलं नसतं. तसं मोठ्याने म्हणायची त्यांना संधी मिळाली की घोळका फुटतो.

चौथं कारण सर्वांत गंभीर आहे. जे मूल स्वतः मार खातं, किंवा घरात आईला मार खाताना पाहतं, ते कधीकधी तोच राग आपल्याहून दुबळ्या जिवावर काढतं. काही मुलं जनावराला अशा रीतीने दुखवतात की त्यांच्यावर काय गुदरलंय ते त्यातून ओळखू येतं. अशा मुलाला शिक्षा करणं म्हणजे त्याच्या दुखण्यात भर घालणं. त्याला आधी सुरक्षित करावं लागतं.

## त्या क्षणी काय करायचं

आधी प्राण्याला मोकळं करा. मुलाच्या हातावर हात ठेवून बोटं सोडवा. हिसकावू नका, कारण त्या झटक्यात प्राण्याला आणखी इजा होते आणि घाबरलेलं मांजर मुलाला ओरबाडतं. ओरडूही नका. ओरडल्यावर मुलाचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे जातं, आणि ते जायला हवं प्राण्याकडे.

मग दोन वाक्यं पुरतात. ‘बघ, तिचे कान मागे गेलेत. ती घाबरलीय.’ ‘असं करू नये’ हे त्यानंतर. आधी दिसणारी खूण, मग तिचा अर्थ, मग नियम. हा क्रम उलटा झाला की मूल नियम पाठ करतं आणि खूण कधीच बघत नाही.

पुढचं पाऊल दुरुस्तीचं. जबरदस्तीने माफी मागायला लावू नये, मांजराला मिठी मारायला तर अजिबात सांगू नये. घाबरलेल्या प्राण्याला मिठी म्हणजे पुन्हा पकडणं. प्राण्याला काय हवंय ते मुलालाच विचारा. बहुधा उत्तर निघतं: पाणी आणि एकांत. मग पाण्याची वाटी मुलाने भरून ठेवायची आणि अर्धा तास त्या खोलीत जायचं नाही.

फटका का नको? मोठ्याने लहानाला दुखवलं तर चालतं, हेच तर आपल्याला त्याच्या डोक्यातून काढायचंय, आणि फटका नेमकं तेच सांगतो. मार खाल्लेलं मूल कृत्य सोडत नाही, ते लपवायला शिकतं.

## अंगाची भाषा वाचायला शिकवणं

लहान मुलं कुत्र्याचे विचकलेले दात बघून ‘तो हसतोय’ म्हणतात. संशोधनात हे पुनःपुन्हा दिसलंय. लहान मुलांना होणारे चावे बहुतांशी ओळखीच्याच कुत्र्याचे असतात, आणि ते चेहरा आणि मान या भागांवर जास्त होतात, कारण मूल तोंड जवळ नेतं. म्हणजे हा धडा प्राण्याइतकाच मुलाच्याही रक्षणाचा आहे.

गुरगुरण्याच्या बऱ्याच आधी कुत्रा सांगत असतो. समोर खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. मान दुसरीकडे वळवतो पण नजर इकडेच ठेवतो, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसू लागतो. मग अंग ताठरतं, श्वास क्षणभर थांबतो. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, असं नसतं. ताठ, उंच धरलेली आणि भरभर हलणारी शेपटी तणावाची असू शकते. एक चूक अनेक घरांत होते: कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारतात. तो गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

मांजराच्या शेपटीचं टोक फटकारू लागलं, कान चपटे झाले, पाठीवरची कातडी थरथरली की पुरे. ते पोट वर करून पडलं म्हणजे पोटावर हात फिरवायचं आमंत्रण नव्हे. घुरघुरणंही नेहमी सुखाचं नसतं, दुखणाऱ्या मांजराचीही घुरघुर ऐकू येते.

सशाबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तो भक्ष्य असलेला प्राणी. उचलल्यावर निपचित पडतो ते लाडाने नाही. उताणा केल्यावर ‘झोपतो’ तीही भीतीने आलेली जडता असते. कानाला धरून त्याला कधीच उचलू नये. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा, कारण मागचा भाग लोंबकळत राहून त्याने जोराची लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. लहान मुलांनी सशाला उचलूच नये. जमिनीवर बसावं आणि त्याला येऊ द्यावं.

यासाठी एक सराव आहे, चार वर्षांच्या मुलालाही जमणारा. प्राण्याच्या मालकाला विचारायचं. बाजूला उभं राहायचं, वाकून डोक्यावर हात न्यायचा नाही. प्राणी जवळ आला तर छातीच्या किंवा खांद्याच्या बाजूने बोटांच्या मागच्या बाजूने कुरवाळायचं. तीन आकडे मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. आता बघायचं: तो पुढे सरकला, अंग टेकवलं, तर आणखी तीन आकडे. जागीच राहिला, मान वळवली, निघून गेला, तर संपलं. इथे निर्णय प्राण्याचा असतो, आणि ‘नको’ हे उत्तरही ऐकायचं असतं हे मूल शिकतं. पुढे माणसांतही त्याला ते उपयोगी पडतं.

खाणारा, झोपलेला, पिल्लांजवळचा किंवा बांधलेला प्राणी हाताळायचा नाही, हा नियम मात्र चर्चेविना. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. जागी थांबायचं, हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. मुलाला हेही सांगून ठेवा की चावल्याचं कळवलं तर कुणी रागावणार नाही. ओरड्याच्या भीतीने मुलं चावा लपवतात.

## छोट्या जिवांपासून सुरुवात

घरात पाळीव प्राणी नसला तरी काही अडत नाही. दगडाखाली, कुंडीखाली, पानामागे पुष्कळ जीव असतात. दगड स्वतःच्या बाजूला उचलायचा, म्हणजे खालचा जीव समोर पळून जातो, अंगावर येत नाही. बघून झालं की दगड हळूच पूर्वीसारखा ठेवायचा. दगडाखालचा ओलावा गेला तर तिथले जीव वाळून मरतात. गोगलगाय किंवा सुरवंट निरखायचा असेल तर झाकणाला भोकं पाडलेला पारदर्शक डबा घ्यायचा, तो जिथे सापडला तिथलंच पान आत टाकायचं, डबा सावलीत ठेवायचा आणि तासाभरात त्याच जागी सोडायचं. उन्हातला बंद डबा काही मिनिटांत तापतो. मुलांच्या हातून मरणारे कीटक बऱ्याचदा असेच, विसरलेल्या डब्यात मरतात.

बेडकाची त्वचा पातळ आणि ओली असते, तो त्वचेतूनही श्वास घेतो. कोरड्या किंवा साबण लागलेल्या हाताने त्याला त्रास होतो, म्हणून धरायचंच तर साध्या पाण्याने ओल्या केलेल्या हाताने, क्षणभर. नंतर हात धुवायचे. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी म्हणजे बारीक खवले, ते पुन्हा उगवत नाहीत. बोटाला भुकटी लागलेली दाखवली की मुलं पुढच्या वेळी हात आवरतात.

## दया शिकवायला प्राणी आणावा का?

बहुतेक वेळा नको. घरात प्राणी असणं आणि मूल दयाळू होणं यांचा थेट संबंध नाही. प्राण्याशी घरातले कसे वागतात, यावर ते ठरतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना एका आईचं उदाहरण दिलंय. मुलींनी कुत्रा, खार, पक्षी काहीही मागितलं तरी ती आणू द्यायची, पण त्यांची नीट निगा राखायची ही अट असायची. हेळसांड झाली की तो मोठा अपराध धरला जाई आणि प्राणी अनेकदा काढून घेतला जाई.

यातली एक गोष्ट उचलावी: दुर्लक्ष हीसुद्धा क्रूरता असते. एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. मुलाला जबाबदारी कळावी म्हणून प्राण्याला उपाशी ठेवून चालत नाही. आठ वर्षांचं मूल पाणी भरेल, भांडं घासेल, ब्रश करेल. खाणं मिळालं का, आजारी आहे का, लस झाली का, हे मोठ्यानेच रोज बघायचं. तेवढी तयारी नसेल तर प्राणी आणू नये.

## कळवळा आहे, माहिती नाही

झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू सापडतं. मूल ते उचलून आणतं, चोचीत पाणी ओततं, आणि तासाभरात पिल्लू मरतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं.

अंगावर पिसं असलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपास असतात. मांजर-कुत्रं दूर ठेवा, फार तर पिल्लू जवळच्या झुडपात ठेवा आणि लांबून पाहा. पिसं नसलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्यात ठेवा. खोकं अंधारी, उबदार, शांत जागी असू द्या, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वन्यप्राणी हाताळणाऱ्या जाणकाराला बोलवा. मुलाला खोकं सारखं उघडून बघावंसं वाटेल. न बघणं हीच इथे मदत असते, आणि मुलांना हे पटायला सर्वांत जड जातं.

फोनवरचे व्हिडिओही याच गटातले. हात वर करून ‘गुदगुल्या करून घेणारा’ स्लो लोरिस हा माकडांच्या नात्यातला मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी लाखोंना गोड वाटतो. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो. त्याच्या कोपरापाशी आतल्या बाजूला विषाची ग्रंथी असते आणि हात वर केले की ती तोंडाजवळ येते. प्राण्यांना ‘वाचवल्याचे’ काही व्हिडिओ तर प्राण्याला मुद्दाम संकटात टाकून बनवलेले असतात. कॅमेरा आधीच नीट जागी लावलेला कसा, असा प्रश्न मुलाला विचारायला शिकवा. असा व्हिडिओ संतापून पुढे पाठवला तरी बनवणाऱ्याचाच फायदा होतो. तक्रार नोंदवावी आणि बंद करावा. रक्तबंबाळ दृश्यं दाखवून दया शिकवायचा प्रयत्नही करू नये. संवेदनशील मूल रात्रीचं दचकून उठतं, बाकीचे काही दिवसांनी निर्ढावतात.

## मग डासही मारायचा नाही का?

मारणं आणि छळणं यांत फरक करावा लागतो आणि मुलांना तो करता येतो. डास रोग पसरवतो, म्हणून एका फटक्यात मारला. त्याचे पाय एकेक करून तोडले, तर ते रोग टाळण्यासाठी नाही. तीन प्रश्न पुरतात: गरज होती का, दुसरा मार्ग होता का, त्रास कमीत कमी झाला का? मांसाहारी घरातलं मूल ‘मग आपण खातो ते?’ असं विचारेल. खोटं बोलू नका. खाण्यासाठी प्राणी मारला जातो हे खरं सांगा, त्याबद्दल तुमच्या घराचं मत काय ते सांगा, आणि जिवंत असताना त्याचे हाल होता कामा नयेत यावर कुणाचंही दुमत असायचं कारण नाही, हेही सांगा.

‘मुलगे असेच असतात’ हा युक्तिवाद तर सोडूनच द्यावा. त्याने मुलग्यांना दयाळू असण्याची परवानगीच नाकारली जाते.

## आधी माणसांचं बघा ना!

हा आक्षेप जुना आहे, पण इतिहास वेगळंच सांगतो. हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था काढली. १८७४ मध्ये मेरी एलन विल्सन या घरी बेदम मार खाणाऱ्या लहान मुलीसाठी कुणी पुढे येईना, तेव्हा एक समाजसेविका बर्ग यांच्याकडे गेली. त्यांच्या वकिलाने प्रकरण न्यायालयात नेलं, मुलीची सुटका झाली, आणि त्यातूनच मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली. जनावराचे हाल ज्यांना दिसत होते, त्यांनाच ती मुलगीही दिसली.

शाळांतला अनुभवही याला धरून आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲशियोनी यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्षभर प्राण्यांविषयी धडे देऊन परिणाम तपासले. चौथीच्या मुलांमध्ये प्राण्यांविषयीची वृत्ती सुधारली आणि माणसांविषयीचा कळवळाही वाढला. एखाद्या दिवसाच्या भाषणाने किंवा चित्रकला स्पर्धेने हे साधत नाही. वर्षभर, थोडं थोडं करावं लागतं.

## असं मूल पुढे गुन्हेगार होतं का?

ही समजूत बरीचशी १९६३ सालच्या एका लेखातून आली. मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅकडोनाल्ड यांनी ठार मारण्याच्या धमक्या दिलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास केला आणि अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांचा छळ ही तीन लक्षणं जोडली. धमकी देणं म्हणजे खून करणं नव्हे, आणि पुढच्या संशोधनात हे त्रिकूट भाकीत म्हणून टिकलं नाही. अंथरूण तर पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के ओलं करतात.

प्राण्यांच्या छळाचं वजन मात्र कायम राहिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-नियमावलीत १९८७ पासून तो ‘कंडक्ट डिसऑर्डर’ या विकाराच्या लक्षणांत आहे. दुसऱ्याचे हक्क आणि नियम सतत, मुद्दाम तुडवण्याची सवय म्हणजे हा विकार. १५ लक्षणांपैकी किमान तीन, वर्षभरात, आणि त्यातलं एक तरी गेल्या सहा महिन्यांत दिसलं तरच निदान होतं. म्हणजे एका बेडकावरून कुणालाही शिक्का लागत नाही. अमेरिकेची केंद्रीय तपाससंस्था एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रूरतेची वेगळी नोंद ठेवते, कारण जिथे ती असते तिथे घरातला इतर हिंसाचारही सापडण्याची शक्यता असते.

मदत कधी घ्यायची? मूल सहा-सात वर्षांपुढचं आहे आणि समजावल्यावरही पुन्हा करतं. लपून करतं. प्राणी ओरडल्यावर थांबण्याऐवजी जोर वाढवतं, किंवा त्याचं चित्रीकरण करतं. लहान भावंडांनाही दुखवतं, आगीशी खेळतं. किंवा आजवर प्राण्यांवर माया करणारं मूल अचानक बदललं. यातलं एक जरी दिसलं तरी शाळेतल्या समुपदेशकाकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. भेट मिळेपर्यंत घरातला प्राणी दुसरीकडे ठेवावा आणि धाकट्या भावंडाला या मुलाबरोबर एकटं सोडू नये.

विचारताना ‘तू असा कसा वागलास?’ असं सुरू करू नका. ‘हे तू आधी कुठे पाहिलंस?’ असं विचारा आणि थांबा, उत्तर तोंडात घालू नका. एखादं मूल म्हणेल की कुणीतरी धमकी दिलीय, ‘सांगितलंस तर तुझ्या मांजराला मारून टाकीन.’ मुलांचा छळ करणारे त्यांना गप्प ठेवायला ही धमकी खरोखर वापरतात. असं वाक्य कानावर पडलं तर प्राण्याचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना कळवा. धमकी देणाऱ्याला आधी जाब विचारायला जाऊ नका. त्याने मूल आणि मांजर दोघांचाही धोका वाढतो.